उकिडवी बसलेली मुलगी

दार मी आधीच मोजलं होतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. घरात मोठं शिल्प केल्याची हकीकत सांगायला लागलं की ऐकणारे गालातल्या गालात हसू लागतात. त्यांना वाटतं, शेवटी ते दारातून बाहेर निघालं नसणार. निघालं. गॅरेजचं दार, फाटक, गल्लीचं वळण, टेम्पोच्या फळीची उंची, सगळं मी टेप लावून मोजलं होतं. सळ्यांचा सांगाडा किती ओझं पेलेल, ओली माती वाळताना किती आकसेल, सिमेंटला पाणी किती लागेल, याचीही गणितं केली होती. उमेदीची वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवण्यात घालवलेल्या बाईकडून एवढी अपेक्षा असतेच. चुकलं ते भलतीकडेच. तिथे काही मोजायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

झालं असं. आमच्या भागातल्या शाळेची नवी इमारत बांधून होत आली होती. सरकारी पैशातून इमारत झाली, की तिच्या दर्शनी भागात एखादी कलाकृती बसवावी लागते, त्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला मिळत नाही, असा नियम आहे. हा नियम इमारत समितीला भिंतींना रंगाचा पहिला हात मारून झाल्यावर आठवला. धावाधाव सुरू झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी वाचनालयाच्या प्रदर्शनात माझी मातीची छोटी कामं पाहिली होती. त्यांनी फोन केला आणि मी हो म्हणाले. तोवर माझं सगळं शिल्पकाम घरातल्या फडताळात मावत होतं. पाहुणे आले की ते बघून "तुम्हीच केलंत?" म्हणायचे आणि चहा प्यायचे. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दिसेल असं माझं एकही काम नव्हतं. ते आता होणार होतं.

विषय होता 'जिज्ञासा'. मी वीतभर उंचीचा मेणाचा नमुना केला: एक शाळकरी मुलगी उकिडवी बसलीय, दोन्ही हात गुडघ्यांवर, वेण्या पुढे लोंबताहेत, आणि ती पायापुढच्या मुंगीकडे टक लावून बघतेय. समितीच्या बैठकीत हा नमुना बुटक्या टीपॉयवर, चहाच्या कपांच्या मधोमध ठेवला. सगळ्यांनी वाकून पाहिला.

"गोड आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांचं फर्निचरचं दुकान आहे आणि वस्तू पसंत करण्याचा त्यांना सराव आहे. "फक्त जरा मोठी करा."

चहा निवायच्या आत नमुना मंजूर झाला.

शिल्प ज्या उंचीवर बसणार, त्याच उंचीवर ते घडवावं, असं मी वाचलं होतं. शाळेच्या नकाशात छातीएवढा चौथरा होता. म्हणून मी गॅरेजमध्ये तेवढ्याच उंचीचं भक्कम मेज करून घेतलं आणि त्यावर मुलगी घडवायला घेतली. माझी स्वतःची उंची बेताची. तेव्हा मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि पुढचे कित्येक आठवडे त्या स्टुलावर उभं राहून काम केलं. तिथून मला तिचा भांग दिसे, वेण्या दिसत, गुडघे दिसत आणि पायापुढची मुंगी दिसे. मला जे दिसतं तेच इतरांनाही दिसतं, हे मी गृहीत धरलं. प्रयोगशाळेत असं काही गृहीत धरणाऱ्या मुलांना मी उभं करत असे.

पहिली शंका शेजारच्या ऑडिटरांनी काढली. ते निवृत्त आहेत, पण तपासणी करायची खोड गेलेली नाही. कुणाचं काहीही चाललेलं असो, ते हात मागे बांधून येतात आणि निष्कर्ष सांगून जातात. ते गॅरेजच्या दारात उभे राहिले, मुलीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"काम स्वच्छ आहे. फक्त पोज जरा..."

"पोजचं काय?"

"काही नाही हो, सहज. हात रिकामे वाटतात. हातात काहीतरी द्या म्हणजे झालं."

ते गेले. दोनच दिवसांनी मुख्याध्यापिकाबाई आल्या आणि त्याही दारातच थबकल्या. "हातात पुस्तक दिलं तर?" त्या म्हणाल्या. "म्हणजे शाळा आहे, असं लगेच कळेल. नाहीतर लोकांना वाटायचं..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. दोन स्वतंत्र निरीक्षकांचा निष्कर्ष एकच आला, तर तो गांभीर्याने घ्यावा, अशी मला शिकवण आहे. मी मुलीच्या हातात उघडं पुस्तक दिलं. चार दिवस गेले त्यात. पुस्तक धरलेल्या हातांची बोटं हे अवघड काम असतं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला, गॅरेजमध्ये डोकावला आणि त्याला जोराचा ठसका लागला.

"काय झालं?"

"काही नाही गं. घशात काहीतरी गेलं." तो तसाच आत गेला. मग आतून बराच वेळ ठसके ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई पुन्हा आल्या. पुस्तकाकडे पाहत राहिल्या. "हे वर्तमानपत्र नाही ना वाटत?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"पानं कमी दिसताहेत का? जाड करते."

"हं," त्या म्हणाल्या. "जाडसुद्धा... असो. करा जाड."

मग अध्यक्ष समितीचे चार लोक घेऊन आले. पाचही जण दारात एका ओळीत उभे राहिले. मी स्टुलावर होते. बराच वेळ कुणी बोललं नाही, तेव्हा मला वाटलं, काम आवडलेलं दिसतंय.

"चेहरा फार गंभीर आहे मॅडम," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "कपाळाला आठ्या आहेत. जोर लावल्यासारखं वाटतं."

"एकाग्रता आहे ती."

"हो हो, एकाग्रताच. आम्ही कुठे दुसरं काही म्हणतोय? पण जरा मोकळी करा ना."

मी आठ्या पुसल्या आणि ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू आणलं. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, जा, बघून ये. तो बघून आला, पानावर बसला आणि वरणात भात कालवत म्हणाला, "आता बरं वाटलेलं दिसतंय तिला."

"आजारी होती का ती?"

"तसं नाही," असं म्हणून तो पानात बघून जेवायला लागला. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत. हा माणूस काहीतरी लपवतोय हे मला कळत होतं. त्याने कुणालातरी उसने पैसे दिले असावेत, असा माझा अंदाज झाला.

यानंतर समितीकडून झुडपांची सूचना आली. शिल्पाभोवती दाट झुडपं लावावीत, ती मुलीच्या खांद्यापर्यंत यावीत, म्हणजे फक्त हसरा चेहरा आणि पुस्तक दिसेल. मला ही सूचना चमत्कारिक वाटली. मुंगी बघणारी मुलगी; मुंगीच दिसली नाही तर राहिलं काय? तरी मी पुठ्ठ्याची झुडपं कापली, रंगवली, मुलीभोवती उभी केली आणि मत द्यायला सासूबाईंना बोलावलं. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या गॅरेजच्या पायऱ्या उतरत नसत. त्या दिवशी काठी टेकत उतरल्या. दाराशी उभ्या राहिल्या. चष्मा पुसून पुन्हा घातला.

"झुडपाआड परसाकडे बसलीय, ते ठीक," त्या म्हणाल्या. "पण सूनबाई, शाळेच्या दारात कशाला बसवायची तिला?"

मी स्टुलावरूनच म्हणाले, "आई, ती मुंगी बघतेय."

"कुठंय मुंगी?"

"ही काय, पायापुढे."

"मला नाही दिसत. मला नुसती पोर दिसते. आणि हातात पेपर कशाला? आपल्याकडे तुझ्या सासऱ्यांना होती ती सवय."

मी स्टुलावरून खाली उतरले, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मान वर करून पाहिलं. मुंगी मेजाच्या कडेआड गेली होती. उरलेलं सगळं समोर होतं. गुडघे, पुस्तक, ते समाधानी हसू आणि झुडपं. असं काही एकदा दिसलं की मग ते दिसायचं थांबत नाही.

नवरा आल्याआल्या मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"अगं," तो बूट काढता काढता म्हणाला, "मला वाटलं, आधुनिक आहे."

इतक्या सुशिक्षित माणसांनी मला पोज, हात, चेहरा, झुडपं असल्या आडवळणांनी फिरवलं, पण एकानेही सरळ वाक्य उच्चारलं नाही. ऑडिटरांनी आयुष्यभर लोकांच्या चुका लेखी दाखवल्या आहेत. त्यांनाही इथे शब्द सापडला नाही. आणि मी त्या प्रत्येक सूचनेवर इमानेइतबारे काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी झुडपं मोडून टाकली, पुस्तक काढलं, बोटं पुन्हा गुडघ्यांवर आणली आणि कपाळाच्या आठ्या होत्या तिथे परत घातल्या. उभी केली तर परीक्षेत नापास झाल्यासारखी दिसली असती. बाकावर बसवली तर दवाखान्यात नंबर लावल्यासारखी. मुंगी बघायची तर उकिडवंच बसावं लागतं. मी स्वतः बसून खात्री करून घेतली. दोष मुलीत नव्हता, उंचीत होता. तिला जमिनीवर बसवलं, की येणारा प्रत्येक जण तिला वरून बघणार आणि तिच्याबरोबर मुंगी बघणार.

हे सांगायला फोन उचलणार, तेवढ्यात अध्यक्षांचाच फोन आला.

"मॅडम, आपण असं करू. तुमचं शिल्प आपण आत ठेवू. जिन्याखाली सुंदर जागा आहे."

"तिथे मोडके बाक ठेवतात ना?"

"ते थोडे सरकवू. आणि दारात चौथऱ्यावर माझ्या मेहुण्याकडचं फायबरचं हरण बसवू. तयार माल आहे, उन्हापावसाला टिकतो. शिवाय हरणाच्या डोळ्यांत जिज्ञासा असतेच."

त्यांच्या मेहुण्याचा बागेतल्या प्राण्यांचा व्यवसाय आहे. त्याच्या दुकानासमोरून गेलं की बगळे, ससे आणि हरणं रांगेने रस्त्याकडे बघत असतात. त्या डोळ्यांत मला जिज्ञासा कधी दिसली नाही. मी म्हणाले, अंतिम निर्णयाच्या आधी मला एकदा बैठकीत बोलू द्या. रविवारची वेळ मिळाली.

त्याआधी मी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांना भेटून आले. चौथरा नसेलच तर प्रश्नच मिटला, असा माझा साधा विचार. साहेबांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि पंख्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक ढिगावर एकेक फरशीचा तुकडा ठेवलेला होता.

"चौथरा मंजूर आहे," ते म्हणाले. "आणि बांधून झालाय."

"काढता येईल का?"

"येईल की. फक्त तो चुकून बांधला, असं आधी कुणीतरी मान्य करायला हवं."

"कुणी?"

"तेच तर," ते म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

"बरं, चौथरा राहू द्या. शिल्प त्याच्या समोर, जमिनीवर ठेवलं तर?"

त्यांनी नकाशा उलगडला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. "चौथऱ्यासमोर काय ठेवायचं, यावर इथे काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे चालेल?"

"म्हणजे लिहिलेलं नाही."

रविवारी मी मेणाचा नमुना घेऊन बैठकीला गेले. मी फारशी बोलत नाही, चारचौघांत तर नाहीच. जाताना रिक्षात वाक्य मनात घोळवत होते. सगळे बसले, खुशाली विचारून झाली, आणि मी उभी राहून म्हणाले, "आपलं शिल्प चौथऱ्यावर ठेवलं तर मुलगी संडासला बसल्यासारखी दिसते."

कुणाच्यातरी हातातलं बिस्कीट चहात पडलं. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटले आणि कधीपासून रोखून धरलेला श्वास सोडला.

"छे छे," अध्यक्ष म्हणाले, "आम्ही असं कधी म्हटलं?"

"नाही म्हटलं. म्हणूनच पुस्तक आलं, हसू आलं आणि झुडपं आली." मी खुर्चीवर चढले आणि नमुना कपाटाच्या माथ्यावर ठेवला. "आता बघा."

सगळ्यांनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या. एक सदस्य रुमालात तोंड घालून खिडकीशी गेले. मग मी खाली उतरले, नमुना उचलला आणि खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवला. काही बोलले नाही. प्रयोग चालू असताना बोलायचं नसतं.

अध्यक्ष बसल्या जागेवरून वाकले. मग उठून जवळ आले. गुडघ्यांवर हात ठेवून आणखी वाकले.

"काय बघतेय ती?"

"मुंगी."

"कुठंय?" असं म्हणत ते भर बैठकीत, इस्त्रीच्या विजारीत, उकिडवे बसले. "अरेच्चा, खरंच की! मोहरीएवढी केलीय."

"अध्यक्ष," रुमालवाले सदस्य खिडकीपासूनच म्हणाले, "पुस्तक देऊ का हातात?"

खोलीत इतका वेळ दाबून धरलेलं हसू तेव्हा फुटलं. अध्यक्षही हसले; फक्त त्यांना उठायला दोघांनी हात द्यावा लागला. मुलगी जमिनीवर बसणार, हे ठरलं. पण उठून सावरताच त्यांना पहिला विचार आला तो मेहुण्याचा. "मग चौथरा काय रिकामा ठेवायचा? दाखल्याला माणसं येणार. रिकामा चौथरा बघून काय म्हणतील?"

"वर हरण, खाली मुलगी," मुख्याध्यापिकाबाईंनी निकाल दिला. त्यांना शाळा सुरू करायची होती. मीही मान डोलावली. मी जमीन मागितली होती, ती मिळाली होती. वरच्या मजल्यावर कोण राहायला येतं, यावर माझा काय हक्क?

साचा झाला, ओतकाम झालं, मुलगी दारातून सहज बाहेर निघाली, हे पुन्हा नमूद करते. चौथऱ्यापासून थोडं पुढे, जमिनीत तिचे तळवे पक्के बसवले. सिमेंटचा तो करडा, खरखरीत रंग मी मुद्दाम तसाच ठेवला होता. सकाळच्या उन्हात तिच्या कपाळावरच्या आठ्या इतक्या स्वच्छ दिसत होत्या की मी उगीचच दोनदा जाऊन बघून आले.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा गेले, तर मुलगी निळी होती.

शाळेच्या कठड्यांना रंग देणारा रंगारी तिच्या शेजारी डबा घेऊन बसला होता. झगा गणवेशाच्या निळ्या रंगाचा, रिबिनी लाल, मोजे पांढरे, बूट काळे. हातापायांना आणि चेहऱ्याला त्याने दोन डबे मिसळून अगदी अंगाचा रंग साधला होता.

"हे काय केलंत?" मी म्हणाले.

"कोरीच राहिली होती बाई. उद्या पाहुणे येणार आणि ही एकटी बिनरंगाची. बरं दिसलं असतं?" तो मागे सरून स्वतःचं काम बघत म्हणाला. "ओली आहे, हात नका लावू."

खरवडायची म्हटली तर सिमेंटचा वरचा थर निघाला असता, आणि त्याबरोबर आठ्याही. मी खाली वाकून बघितलं. मुंगीलाही त्याने रंग दिला होता. काळा. तेवढं बरोबर होतं.

समारंभात पाहुण्यांनी दोरी ओढली, चौथऱ्यावरचा पडदा सरकला आणि हरण प्रकट झालं. टाळ्या झाल्या. नकाशाप्रमाणे शिल्पकाराच्या नावाची पाटी चौथऱ्यावर लावायची होती. ती तिथेच लागली. हरणाच्या खुरांखाली माझं नाव, पदवीसकट, पितळी अक्षरांत. माझी मुलगी पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे झाकली गेली होती आणि कुणीतरी तिच्या डोक्यावर पर्स ठेवली होती. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला: हरण, अध्यक्ष, मी.

"अभिनंदन," ऑडिटर फाटकाशी येऊन म्हणाले. "हरण उत्तम जमलंय. ती आधीची पोज बदललीत, ते फार चांगलं केलंत."

मी त्यांना सगळं समजावून सांगणार होते. पण ते हात मागे बांधून निघूनही गेले. घरात मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. नवऱ्याने कारण विचारलं नाही. त्याने फक्त वर्तमानपत्राचा तो अंक रद्दीत खूप खाली घातला.

तिसऱ्या दिवशी पाणीपुरवठा कार्यालयातून फोन आला. बोलणारे साहेब घाईत होते.

"बाई, आमची पण नवी इमारत आहे. दर्शनी भागात कलाकृती लागते. त्या शाळेचं हरण तुम्हीच केलंत ना? पाटीवर नाव वाचलं. आम्हालाही तसंच पाहिजे."

"हो म्हण," सासूबाई आतून म्हणाल्या. त्यांना फोनवरचं सगळं ऐकू येतं.

"हरण माझं नाही," मी म्हणाले. "ते विकत आणलेलं आहे. हरणासमोर खाली बसलीय, ती माझी."

"कोण बसलीय?" साहेब जरा थांबले. "ती मुलगी? निळ्या गणवेशातली?"

"हो."

साहेबांची घाई एकदम ओसरली. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "अहो बाई, हरणाचा फोटो काढताना ती मधे येत होती. मी तिला तीनदा म्हटलं, बाळ, जरा बाजूला हो. शेवटी रागावलो सुद्धा."

"मग?"

"मग काय! मान वर करून बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, एवढं काय बघतेय ही, म्हणून मीही जरा खाली बसलो."

"आणि?"

"मुंगी होती हो," साहेब म्हणाले.